जाऊन राहिली

फ्लोराआजींच्या घरातून 'जाते' म्हणून बाहेर पडायची सोय नव्हती. तुम्ही कोट चढवला, बूट घातले, दार उघडलं आणि चुकून 'बरं, जाते' म्हणालात, की आतून हुकूम यायचा, "बस परत." मग परत सोफ्यावर टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि नीट 'येते' म्हणून उठायचं. माझी तर दुहेरी पंचाईत. मी नागपूरची. आमच्याकडे साधं 'जाते' नसतंच, 'जाऊन राहिली' असतं. पहिल्यांदा मी दारात म्हणाले, "आजी, मी जाऊन राहिली बरं का," तेव्हा त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघतच बसल्या.

"जाऊन कुठं राहणार तू? नवऱ्याशी भांडलीस काय?"

"नाही हो. म्हणजे आता निघून राहिली."

"पुन्हा राहिली! अगो, माणसानं जाऊन राहू नये. जावं आणि यावं. येते म्हण."

त्यांचे चिरंजीव रूबेनकाका तिथेच होते. साठीचे, लंडनमध्येच वाढलेले. मराठी त्यांना चहापुरतं येई, तेही असं की मम्मी कायम 'आला' आणि 'गेला'. ते हसले म्हणून आजींनी माझी नक्कल पुन्हा करून दाखवली, हात कमरेवर ठेवून, "जाऊन राहिली!" त्यानंतर जो येईल त्याला ती दाखवली गेली. मला थोडा राग आला होता. आमच्या बोलीला कुणी हसलं की मला अजूनही येतो.

आम्ही लंडनमध्ये एजवेअरला भाड्याने राहायला आलो त्याच आठवड्यात त्या भेटल्या होत्या. सकाळी मी कचऱ्याचा निळा डबा ओढत फुटपाथवर नेत होते. शेजारच्या घराच्या दारातून गाऊनवर कार्डिगन घातलेली एक म्हातारी ओरडली, "निळा आज नाही गो, काळा!" डबा माझ्या हातून सुटला. गळ्यात सहा टोकांची चांदणी, आणि तोंडात अलिबागचं मराठी. आजी बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेल्या ज्यू. "आम्हाला शनवार तेली म्हणत," त्या सांगायच्या. "शनवारी घाणा बंद. ती सुट्टी देवानं दिलेली, शेठानं नव्हे." लंडनला आल्यावरही, नवरा लवकर वारला, तीन पोरं पदरात, तरी शनिवारची पाळी त्यांनी कधी घेतली नाही. हाउन्सलोला विमानांसाठी जेवणाचे ट्रे भरायच्या एका किचनमध्ये त्यांची हयात गेली. "जगाला विमानात जेवू घातलं," म्हणायच्या, "मी बसले कितीदा ते विचारू नकोस."

त्या घराण्यातला जो कुणी विलायतेला आला, त्याचं पहिलं बिऱ्हाड आजींच्या पुढच्या खोलीत पडलं. भाऊ, भाच्या, नणंदेची मुलं. कुणाला नोकरी लागायची असली, कुणाचं बाळंतपण जवळ आलं, की आजी नवस बोलत आणि मलिदा करत. वेम्बलीहून पातळ पोहे आणायचे, ओलं खोबरं, साखर, वर फळांचे काप, आणि एलियाहू नबीचं नाव घेऊन सगळ्यांनी भोवती बसायचं. माझ्या व्हिसाचं अडलं तेव्हाही त्यांनी ताट मांडलं. मी म्हणाले, "आजी, मी तर तुमच्यातली नाही." त्या म्हणाल्या, "नबीला पत्ता लागतो, जात लागत नाही. खोबरं किस."

पण मी ओळखायला लागले तोवर त्या ताटाभोवतीची माणसं विरळ झाली होती. भावंडं एकेक करून गेली. भाच्या कुणी कॅनडात, कुणी इस्राएलमध्ये. आजी 'गेला' असं कुणाबद्दल म्हणत नसत. बांगडीसुद्धा त्यांच्याकडे फुटत नसे, वाढत असे. माणूस मेला की म्हणायच्या, "पुढे झाला." मराठी बोलायला दोघीच उरल्या, ठाण्याची धाकटी बहीण सोफीमावशी फोनवर, आणि भिंतीपलीकडे मी. कधी संध्याकाळी नुसत्या बोलावून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "काही काम नाही. बोल काहीतरी. तुझं ते काहून-बिहून पण चालेल."

एकदा मी विचारलं, मुलांना मराठी का नाही शिकवलंत? वाटाणे सोलणारे त्यांचे हात थांबले.

"रूबेन शाळेत बोलेना. मास्तरीणबाईंनी बोलावून सांगितलं, घरी इंग्रजी बोला. मी आपली बोलायला लागले, मोडकंतोडकं. पोरं शिकली. मी मुकी झाले."

एवढंच बोलून त्या पुन्हा वाटाणे सोलायला लागल्या.

गेल्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि त्याबरोबर इंग्रजी गेलं. दुसऱ्या दिवशी रूबेनकाका माझ्या दारात उभे, दाढी वाढलेली. "वैशाली, मम्मी काय बोलतो मला समजत नाही. नर्स बोलते, कन्फ्यूज्ड आहे."

मी हॉस्पिटलमध्ये गेले. आजी मुळीच कन्फ्यूज्ड नव्हत्या. चहा गार आहे, पायाशी वारा लागतो, शेजारच्या बाईला कुणी भेटायला येत नाही, तिला एक केळं द्या, असं सगळं स्वच्छ मराठीत चाललं होतं. मग त्या मुलाकडे बघून काहीतरी पुटपुटल्या. काकांनी माझा दंड धरला. "काय बोलला?"

"विचारतायत, तुम्ही जेवलात का."

ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

मग हे रोजचंच झालं. माझं ऑफिस घरून चाले म्हणून बरं. आई आणि मुलगा पलंगाच्या दोन बाजूंना, आणि मधे मी, परक्या गावची भाडेकरू. त्यांच्या नातवंडांचे निरोप मी मराठीत सांगायची, आजींचे आशीर्वाद इंग्रजीत. आशीर्वादाचं इंग्रजी करणं फार वाईट. काका एकदा गाडीत म्हणाले, "तू आहेस, थँक गॉड. पण एकदा तरी मला समजायला पाहिजे. माझं मला. तुझ्याशिवाय." त्यात राग माझ्यावर नव्हता, पण मला लागलं. आणि त्यांचं खरंच होतं.

एका दुपारी भिंतीपलीकडे जोरजोरात कपाटं उघडल्याचा आवाज आला. मग माझी बेल वाजली. दारात काका, हातावर आजींचा निळा लोकरीचा कोट. इतके हसरे मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

"मम्मी आज बोलला! आणि मला समजला. ऑल बाय मायसेल्फ! माझा हात पकडला आणि बोलला, 'येते हं, बाळा.' शी वॉन्ट्स टू कम होम. कोट न्यायला आलो. तू येतेस?"

मी चपलेवरच गाडीत बसले. वाटभर काका बोलत होते. पलंग खाली पुढच्या खोलीत आणू, जिन्याला कठडा लावू, मलिदा करू, तू शिकव. मी फक्त "जरा लवकर चला" एवढंच म्हणत होते. दुसरं काय सांगायचं होतं? आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आईचं वाक्य एकट्याने कळलं होतं. ते त्यांच्याकडून माझ्याने काढून घेववेना.

वॉर्डाची बेल वाजवायच्या आधीच नर्स बाहेर आली. कोट बघून तिची नजर खाली गेली.

आजींचा चेहरा शांत होता. काका माझ्याकडे वळून लहान मुलासारखे म्हणाले, "पण ती बोलला, येते."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी म्हणाले, "काका, आपल्याकडे निघताना असंच म्हणतात. जाते म्हणत नाहीत."

"गुडबाय?"

"हो."

त्यांनी हातातल्या कोटाकडे पाहिलं. "आणि मी कोट आणायला गेला," ते म्हणाले.

ठाण्याला फोन करणं भाग होतं. सोफीमावशींना इंग्रजी येत नाही. मी हात पुढे केला, पण काकांनी मान हलवली आणि फोन स्वतःच्या कानाला लावला. पलीकडून मावशींचा आवाज मलाही ऐकू येत होता, "काय झालं रे? फ्लोरा बरी आहे ना?" काका शब्द शोधत राहिले. ओठ हलायचे, थांबायचे. मग त्यांना एक वाक्य सापडलं, आईच्या तोंडून ऐकून ऐकून अख्खं पाठ झालेलं, आणि ते त्यांनी एकही चूक न करता म्हटलं.

"मावशी, मम्मी जाऊन राहिली."