भिंतीवरचा शाडू

इक्बाल गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात ओल्या शाडूचा गोळा होता. तो मी भिंतीवर फेकून मारला. हमरापूरच्या माझ्या कारखान्यात मूर्ती घासणाऱ्या बायका जागच्या जागी थांबल्या. गोळा तिथेच चिकटून वाळला.

गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची पद्धत आहे. पण इक्बालला शांत, सोशिक वगैरे म्हटलं तर तोच उठून माझी गचांडी धरेल. पेणच्या शाळेत त्याने माझा दात पाडला आणि दुसऱ्याच दिवशी मला चिडवणाऱ्या एकाला बदडून काढलं. तिथून आमची दोस्ती. पुढे तो भूगर्भशास्त्र शिकला, कुवेतला बोअर मारणाऱ्या कंपनीत राहिला आणि परत आल्यावर विहिरींचं पाणी किती खोल आहे ते मोजायची कामं घेऊ लागला. त्यासाठी माझ्याकडून वाळलेला शाडू न्यायचा. स्टीलच्या टेपला तो चोळायचा आणि टेप विहिरीत सोडायचा. शाडू जिथवर भिजून काळपट होई, तिथे पाणी. "दुकानात खडू मिळत नाही काय रे?" मी विचारायचो. "मिलतो. पन पैशे पडतात, तुझा फुकट हाय," म्हणायचा, वर एक शिवी हासडायचा.

रोह्याच्या बाजूला एका आदिवासी वाडीलगत खडीची खाण काढायचं घाटत होतं. वाडीला विहीर एकच. पाणी वरच आहे असं ठरलं तर खाणीला खोल जाता येणार नव्हतं, पाण्याच्या पातळीखाली खोदायला परवानगी नसते. पाणी खोल आहे असं ठरलं तर खाण खाली जाणार आणि विहीर कायमची आटणार. सगळ्यांसमोर मोजणी करायचा दिवस ठरला आणि वाडीने इक्बालला बोलावलं. आदल्या संध्याकाळपासून कुणी घागर बुडवायची नाही, विहिरीला निजू द्यायचं, असं त्याने बायकांना दटावून सांगितलं होतं.

मोजणीच्या सकाळी इक्बाल आणि मी पोचलो तर विहिरीवर डिझेल पंप धडधडत होता. खाणीच्या ठेकेदाराची माणसं पाणी उपसून ओढ्यात सोडत होती. वाडीतली म्हातारी गंगीमावशी ऊर बडवत होती, "आमी टिपूस नाय घेतला रं, आन् ह्यांनी समदी उपसली!" इक्बालने तिच्या कमरेचा कोयता हिसकावला आणि पंपाचा पाइप तोडला. मग सळ्या निघाल्या. पहिली त्याच्या खांद्यावर बसली, दुसरी डोक्यात. मी एकाच्या तोंडावर दगड हाणला, त्याचा दात पडला. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही. इक्बाल विहिरीच्या कठड्याला मिठी मारून होता आणि ते त्याच्या बोटांवर मारत होते, त्याने तो सोडावा म्हणून. मोजणीच्या साहेबांची गाडी आली तेव्हा तो रक्ताने माखलेल्या तोंडाने ओरडला, "आज मोजायचं नाय! ईर उपसलेली हाय!"

मोजणी पुढे ढकलली गेली. हॉस्पिटलात तो एकदाच शुद्धीवर आला.

"पानी वर आलं काय रे?"

"आलं."

"मंग हितं काय बसलायस, गाढवा..."

पुन्हा मोजणी ठरली तेव्हा तो नव्हता. या वेळी पोलीस होते, आणि वाडीतल्या बायका कोयते घेऊन विहिरीला राखण बसल्या होत्या. प्यायला पाणी त्यांनी नदीवरून आणलं. इक्बालच्या बायकोने, रुबीनाभाभीने, त्याचा टेप माझ्या हातात दिला. "तुमीच सोडा, भाऊ." सकाळीच मी भिंतीवरचा गोळा खरवडून काढला होता, त्यावर माझ्या बोटांचे ठसे तसेच होते. तो टेपला चोळला. टेप विहिरीत सोडला. टेप वर आला तेव्हा शाडू बराच वरपर्यंत काळा पडला होता, म्हणजे पाणी वरच होतं. साहेबांनी आपल्या टेपनेही मोजलं, आकडा तोच आला. खाणीला खोल जाता येणार नव्हतं. भाभी खाली बसली आणि त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने रडली. गंगीमावशी ठेकेदाराच्या माणसांसमोर थुंकली.

सळ्या चालवणारे जामिनावर सुटलेत. पेणच्या स्टँडवर चहा पिताना दिसतात, हसतात सुद्धा. उरलेला गोळा माझ्या खिशात असतो. ते दिसले की मूठ त्याच्यावर आवळते, हात वर येतो... फेकत नाही. पुढच्या वैशाखात, पाणी सगळ्यात खोल जातं तेव्हा, वाडीची विहीर परत मोजायची आहे, टेपला लावायला तो लागेल.