चार बोटं दुमड

मने, इकडं ये बघू. बस अशी जवळ, आणि तोंड फिरवून बसू नकोस. रविवारी फोन आपटलास तो आपटलास, वर चार दिवस हाय नाही की हॅलो नाही. आईशी असं वागतात होय गं? माझ्या मेसेजवर निळ्या खुणा येतात, म्हणजे वाचतेस. मग हेही वाच. मी सातवी शिकलेली बाई, शुद्धलेखन काढत बसू नकोस.

तू म्हणालीस, सुमनआत्याच्या ट्रंकेत तो पिवळा फ्रॉक सापडला. म्हणालीस, "आई, दोन महिन्यांच्या सुट्टीला चार बोटं दुमड? यू न्यू. तुला माहीत होतं." मी म्हटलं, आवाज तुटतोय गं, नेटवर्क नाही. आवाज तुटत नव्हता. चांगला खणखणीत येत होता.

हो. मला माहीत होतं. झालं, लिहिलं एकदाचं. आता उरलेलं सांगते.

जून संपत आला होता, दोन हजार नऊ. शारजाचा एअरपोर्ट. तू दहा वर्षांची, अंगात तोच पिवळा फ्रॉक. एकट्या मुलांना घालतात तशी एअरलाइनची प्लास्टिकची पिशवी तुझ्या गळ्यात, तिच्यात पासपोर्ट. तुझ्या बाबांनी तिथल्या बाईला तीनदा विचारलं, "मॅडम, बच्ची विंडो के पास बैठेगी ना?" माझे डोळे गळत होते आणि तू गालात टॉफी धरून मलाच दटावत होतीस, "ममा, स्टॉप क्राइंग! इट्स ओन्ली टू मन्थ्स!" मी म्हटलं, "हो बाई. सुट्टी संपली की परत." काचेपलीकडं गेलीस तशी खालच्या चौकोनी फरश्या दिसल्या तुला. लंगडी घालत गेलीस. एका पायावर, पिशवी गळ्यात हिंदकळतेय. वळून बघितलंच नाहीस. दोन महिन्यांसाठी कोण वळून बघतं!

ती लंगडी आपल्या बिल्डिंगखालची. इंडस्ट्रियल एरियाच्या कडेला, खाली टायरवाला, डेंटर, पेंटर, वर आपण. सकाळी खिडकी उघडली की थिनरचा वास. दुबईतल्या चांगल्या फ्लॅटमधल्या बायका मी शिवायचे त्या दुकानात कपडे टाकायला आल्या की म्हणायच्या, "अय्या, तिकडं फॅमिली राहतात?" राहतात की! पेशावरचा खानचाचा टायरवर खुणा करायचा खडू तुला द्यायचा. तू आणि वरच्या मजल्यावरची रेश्मा त्यानं पार्किंगमध्ये चौकोन आखायचात. ठिकरी म्हणून नटबोल्टचा हा एवढा वायसर. गाडी आली की चाचा दोन्ही हात पसरून मध्ये उभा. "रुको, बच्चा खेलता है! यल्ला, पीछे लो!" गाडीवाला शिव्या घालायचा, पण मागं घ्यायचा. रेश्माची आई वरून मल्याळममध्ये ओरडायची, मी मराठीत, "मने, वर ये!" आणि खालून तुम्ही दोघी एका सुरात, "फाइव्ह मिनिट्स!" तुझे तळवे ग्रीसनं काळेकुट्ट. डाळीच्या पिठानं आणि शिव्यांनी घासायचे मी ते. पण यायचीस. हाक मारली की पाच मिनिटांनी का होईना, यायचीस.

बाबा अ‍ॅल्युमिनियमच्या वर्कशॉपमध्ये फोरमन. टॉवरच्या खिडक्या करायचे. दोन हजार आठची दिवाळी झाली आणि टॉवर थांबायला लागले. क्रेन जिथल्या तिथं उभ्या. एका शुक्रवारी मला यार्ड दाखवायला घेऊन गेले. तयार खिडक्यांच्या रांगाच्या रांगा, प्रत्येकीवर मजल्याचा आणि खोलीचा नंबर चिकटवलेला, आणि खाचांमध्ये वाळू. इमारतच नाही गं. बाबा एका चौकटीवरून हात फिरवत म्हणाले, "ह्या आता कुठंच बसायच्या नाहीत. एकीचं माप दुसरीकडं चालत नाही." मॅनेजर म्हणायचा, इन्शाल्ला, पुढच्या महिन्यात. पुढच्या महिन्यात मॅनेजरच नव्हता.

मग बाबांचा व्हिसा कॅन्सल. तू त्यांच्या व्हिसावर. माझा व्हिसा टेलरिंगच्या दुकानाचा, त्यावर मला पोर ठेवता येत नव्हतं. फ्लॅट सोडायचा होता. मला प्लायवूड ठोकून पाडलेल्या चार बायकांच्या पार्टिशनमध्ये एक कॉट मिळाली, बाबांना आठ पुरुषांच्या खोलीत. दोन्हीकडं अट एकच, पोर नको. तू म्हणशील, सगळ्यांनी गावाला का नाही गेलो? गावच्या जागेतला वाटा विकूनच तर बाबांनी पहिला व्हिसा काढला होता. गुहागरला होतं ते घर आत्याच्या सासरचं. तिथं एक पोर खपतं, तीन माणसं खपत नाहीत.

आमचं दुकान दुपारी एक ते चार बंद असतं. त्या वेळात मी तुझे चार फ्रॉक शिवले. बाजूला दोन बोटं माया, खाली चार बोटं दुमड. दुमडीला टीप मारली नाही, कच्चा टाका घातला, म्हणजे तू वाढशील तसं आत्याला उसवायला सोपं. एका बोटाला एक वर्ष, असा माझा अंदाज. आमचे लखनौचे मास्टरजी बघत होते. म्हणाले, "दीदी, दो महीने में बच्ची कितना बढ़ेगी?" मी म्हटलं, "गांव का दूध है, मास्टरजी." त्यांनी त्यांची दोन मुलं मार्चमध्येच पाठवली होती.

तोंडानं मी दोन महिने म्हणत होते मने, आणि हातानं चार वर्षं शिवत होते.

खरं का नाही सांगितलं? मनाशी म्हणायचे, सांगितलं तर पोर विमानात चढायची नाही. ते अर्धंच खरं. तू रडली असतीस तर मीच तुला सोडू शकले नसते. माझ्या सोयीसाठी खोटं बोलले. आत्यालाही दोन महिनेच सांगितलं होतं. पण तिनं बॅग उघडली, फ्रॉक उलटा केला आणि तिला कळलं. त्या माउलीनं मला कधी विचारलं नाही.

सप्टेंबरात शाळा उघडली. रेश्मा युनिफॉर्म न्यायला दुकानात आली. "आंटी, मनाली कब आएगी? शी हॅज माय वॉशर." तुझ्या खिशातून गेला होता तो वायसर! मी म्हटलं, नेक्स्ट वीक. हेही खोटं. डिसेंबरात तीसुद्धा गेली.

बाबा कागदांशिवाय मिळेल ते काम करत राहिले. सापडले असते तर संपलंच होतं. आणि देश सोडायचा तर आधी मुदत उलटल्याचा इतका दंड, की सोडता येत नव्हता. आम्ही दर शुक्रवारी बागेत भेटायचो. लग्नाआधी कधी चोरून भेटलो नाही, ते चाळिशी उलटल्यावर बाकावर बसून डब्यातली पोळी वाटून खायला लागलो. एकदा वॉचमननं हटकलं, "ये फॅमिली है क्या?" बाबा म्हणाले, "थी." मला हसू फुटलं. मग कोणीच हसेना.

आत्याला टेपवरचे आकडे जमायचे नाहीत, म्हणून ती तुझं माप सुतळीवर घ्यायची. आठवतं? पहिली गाठ कमरेची, दुसरी गुडघ्याची, तिसरी टाचेची. इकडं येणाऱ्या कुणाच्या तरी हाती ती पाठवायची. मी कॉटवर उभी राहून प्लायवूडच्या भिंतीला सुतळी धरायचे. अगं बाई, एवढी झाली! शेजारची फिलिपिनो बाई म्हणायची, "युवर डॉटर इज टॉल." दोरीकडं बघून म्हणायची. त्या सगळ्या सुतळ्या एका खिळ्याला आहेत. सहा.

दोन वर्षांनी दुकानानं सुट्टी दिली. तू आत्याच्या ओटीवर उभी. तोच पिवळा फ्रॉक. वरचा पिवळा उडून गेलेला आणि खाली दुमडीतून निघालेला पट्टा नवाकोरा. त्यावर उसवलेल्या दोन रेघा. तू म्हणालीस, "या. तुम्ही चहा घेणार?" आत्या ओरडली, "अगं, आईला तुम्ही काय म्हणतेस?" तुला कळेना काय चुकलं. मी तुझ्याकडं बघू शकले नाही, फ्रॉककडंच बघत बसले. दोन बोटं उरली होती.

बाबांचे कागद सरळ व्हायला पाचवं वर्ष उजाडलं. लगेच बोलावलं तुला, तर तूच म्हणालीस, माझी दहावी आहे. मग बारावी. मग पुणं. मग नुसतं "बघू". मी जोर केला नाही. कुठल्या तोंडानं करणार?

आता आम्हा दोघांची एक खोली आहे. दाराला आपली किल्ली. आतून कडी लावताना अजून नवल वाटतं. पण माझा व्हिसा जानेवारीत संपतोय. वय झालं, दुकान पुन्हा काढणार नाही म्हणालं. बाबांना एकटं राहणं जमायचं नाही. खलास. कुठं जायचं ते अजून ठरलेलं नाही, विचारू नकोस. बाबा रोज एक जागा सांगतात आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच नको म्हणतात. लोक विचारतात, ताई, तुमचं घर कुठं? मी म्हणते शारजा, मग म्हणते गुहागर. मला विचारशील तर माझं घर म्हणजे ती दुसऱ्या मजल्यावरची खिडकी. तिथून हाक मारली की तू यायचीस. त्यानंतर मला कुठलंच घर आपलं वाटलं नाही.

बिल्डिंग उभी आहे. खानचाचा पेशावरला परत गेला, टायरचं दुकान दुसऱ्याचं झालं. पार्किंग आहे तसंच आहे. मी परवा जाऊन बघून आले. एकटीच उभी होते, तर कोणी तरी विचारलं, "किसको ढूंढती हो अम्मा?"

माफ कर म्हणत नाही. ते तुझं तू बघ. पण आमचा इथला कागद संपायच्या आत एकदा ये. व्हिजिट व्हिसा मी काढते. भांडायला ये. समोर उभी राहून मला खोटारडी म्हण, फोनवर नको. तो वायसर असला तर घेऊन ये. माझ्याजवळ पिवळं कापड आहे, कापायचं थांबलेय. सुतळी पाठवू नकोस आता, टेप घेऊन बसलेय मी. ह्या खेपेला दुमड ठेवणार नाही. आहेस तेवढ्याच मापाचं शिवीन.

लवकर ये. पाच मिनिटं म्हणू नकोस गं. मने, वर ये.