कुंपणाआडचं पाणी

ती घटना आजही आठवली की मान खाली जाते. यात कुणाचंच नाव घेत नाही. खरं तर माझं घ्यायला हवं, पण तेवढी हिंमत अजून नाही.

सातारा-सांगलीच्या सीमेवरच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. माळावरच्या चिंकारांसाठी आणि लांडग्यांसाठी सरकारी निधीतून एक पाणवठा बांधला होता. त्याच्याभोवतीची तारेची जाळी कुणीतरी तीनदा तोडली. ठेकेदाराने फिर्याद दिली, वरून फोन सुरू झाले. दोनच दिवसांत खबऱ्या आला. "सायेब, म्हातारा मेंढका हाय. मी डोळ्यानं बगितलाय."

ठाण्यात आणल्यावर म्हाताऱ्याने काही नाकारलंच नाही. "व्हय, मीच तोडली."

"मेंढरांना पाणी पाजायला?"

"न्हाई. माजी मेंढरं खाली हिरीवर पित्यात. तुमी एकदा वर चला, सायेब."

मला वाटलं, थापा मारतोय. मी त्याच्या कानाखाली वाजवली. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. त्याने खाली पडलेला फेटा उचलला आणि मांडीवर ठेवला. घटनास्थळाचा पंचनामा आम्ही ठाण्यात बसूनच उरकला होता. नेहमीचे दोन पंच, चहा, सह्या. डोंगर चढायचा कंटाळा, दुसरं काही नाही. जाळी ताबडतोब दुरुस्त करा, अशी ताकीदही मीच ठेकेदाराला दिली.

पुढे न्यायालयाने जागेचं चित्रीकरण मागितलं, म्हणून नाइलाजाने वर गेलो. जाळी चारही बाजूंनी बंद होती, दाराला कुलूप. बाहेर खुरांच्या खुणा जाळीला वळसे घालत फिरल्या होत्या. एका कोपऱ्यात तारेत मान अडकून चिंकाराचं पाडस मेलं होतं.

सोबतचा हवालदार म्हणाला, "सायेब, ह्यात जनावर शिरायचं कुठनं?"

उद्घाटनाच्या बंदोबस्ताला मीच उभा होतो. ते कुलूप तेव्हाही पाहिलं होतं. मालमत्ता सुरक्षित आहे, म्हणून उलट बरंच वाटलं होतं.

म्हातारा जामिनावर सुटला त्या दिवशी मी त्याला खुर्ची दिली. माफी मागायची होती, पण शिपाई बघत होते. "वर एक पाडस मेलं," एवढंच बोललो.

तो खुर्चीच्या कडेवर टेकला. मग म्हणाला, "जाळी परत लावलीया न्हवं? आता कुणी तोडायची, तुमी का मी?"

"मी वर पत्र पाठवतो. नियमानं होईल."

"बरं," म्हणून तो उठला.

तपास जागेवर जाऊन करायचा असतो, हे मला निवृत्तीच्या तोंडावर एका मेंढक्याने शिकवलं. आणि शिकल्यावरही मी काय केलं, तर पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं तेव्हा पाणवठा कोरडा पडला होता.