धरण फुटतं ते रीळ

तुमच्याकडे शनिवारची संध्याकाळ असते तेव्हा इथे चौसाळ्यात रविवारची सकाळ उजाडून दोन तास झालेले असतात. तोवर माझी अंघोळ, देवपूजा, चहा सगळं आटोपलेलं असतं. फोनची काच मऊ फडक्यानं पुसून, तो साखरेच्या डब्याला टेकवून मी बसते. शेजारी वही असते. तुम्हाला काय काय विचारायचं ते आठवडाभर तिच्यात लिहून ठेवते. शाळेत शिकवत होते तेव्हापासूनची ही सवय आहे, टाचण काढल्याशिवाय वर्गावर जायचं नाही.

अलीकडे टाचणातले निम्मे प्रश्न तसेच राहायला लागले होते. आधी तुम्ही तासभर बोलायचात. मग अर्धा तास. मग 'हाय आजी, बाय आजी', आणि मागून तुमच्या बाबांचा आवाज, "अरे, नीट बोला की आजीशी." तो आवाज मला नको वाटायचा. नीट बोला असं सांगावं लागलं म्हणजे बोलणं संपलेलंच असतं. फोन बंद झाला की घरात फ्रीजची घरघर तेवढी उरायची आणि पुढच्या रविवारपर्यंतचे सात दिवस. मला भीती एकाच गोष्टीची होती. एखाद्या रविवारी हा फोन येणार नाही, आणि आला नाही हे तिकडे कुणाच्या लक्षातही येणार नाही.

म्हणून गेल्या महिन्यात धाकट्यानं आपणहून एक विषय काढला तेव्हा मी खुर्ची पुढे ओढून बसले.

"आजी, बाबांनी आम्हाला ओल्ड कार्टून दाखवलं. सुपरहिरोचं. ते म्हणाले, तू स्कूलमध्ये दाखवायचीस. खरं?"

"खरं आहे. कुठलं दाखवलं? त्यात धरण आहे का?"

"डॅम? नाही. रोबो होता."

"मग ते नव्हे. धरणाचं शोध."

"नेक्स्ट वीक," असं म्हणून, धाकट्या, तू पळालास. पण मला एक आठवडा मिळाला होता. वहीत त्या आठवड्यात मी एकच शब्द लिहिला, 'धरण'.

ती हकिगत तुम्हाला सांगायला हवी. मी इथल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला लागले तेव्हा शाळेत सिनेमा दाखवायचं एक जुनं यंत्र होतं. रिळं बीडहून एसटीनं यायची, पत्र्याच्या गोल डब्यांत, महिन्यातून एकदा. एक आरोग्याचं, एक शेतीचं, आणि पोरांनी शेवटपर्यंत बसावं म्हणून एखादं कार्टून. खेळ दुपारीच ठेवावा लागे, कारण वस्त्यांवरची मुलं दिवस मावळायच्या आत घरी पोचायला हवीत. आणि दुपारी अंधार करायचा कसा? त्याची तजवीज शाळेचे शिपाई करत. ते मेंढरं राखणाऱ्या घरातले. आम्ही शिक्षकही त्यांना मामाच म्हणायचो. ते आपल्या भाऊबंदांच्या घोंगड्या गोळा करून आणायचे आणि एकेका खिडकीवर सुतळीनं बांधायचे. मी एकदा खिळे मारायला सुचवलं तर म्हणाले, "न्हाई बाई. ही आमच्या म्हातारीची हाय. भोक पडलं तर मला घरात घ्यायची न्हाई." सगळ्या हॉलला लोकरीचा, मेंढरांचा वास यायचा. आजही कार्टून म्हटलं की मला आधी तो वास येतो.

यंत्राचा आवाज बिघडलेला होता. नुसती खरखर. आवाज असता तरी इंग्रजी कुणाला कळणार? तेव्हा मी पडद्याच्या डाव्या बाजूला उभी राहायची आणि चित्र चालेल तसं मराठीतून सांगत जायची. आदल्या दिवशी मामांना एकदा रीळ चालवायला लावून मी त्याचंही टाचण काढत असे.

तर ते धरणाचं रीळ. आठ मिनिटांचं असेल. एक उडणारा, दांडगा माणूस, खांद्याला मागं फडफडणारं कापड. डोंगरात मोठं धरण, खाली शहर. एक दुष्ट माणूस यंत्र लावून भिंतीला तडा पाडतो आणि पाणी सुटतं. ते पाणी कसं काढलं होतं म्हणून सांगू! कुणीतरी हातानं, एकेक लाट, काळी-निळी, तिच्यावर चंद्राचा उजेड. घरांच्या सावल्या त्या पाण्यात मोडत होत्या. मी इंग्रजी पुस्तकं वाचून शहरात वाढलेली मुलगी, मीही पाहतच राहिले. मी सांगायला लागले, "आता शहर बुडणार! लोक घाबरलेत! पण तो पाहा, तो आला, त्यानं भिंतीला पाठ लावली, पाणी अडवलं!"

मला वाटलं, टाळ्या पडतील.

मागच्या भिंतीला टेकून मुलांचे बाप बसले होते. त्या वर्षी ओढे उन्हाळ्याआधीच आटलेले. तिथून एकजण ओरडला, "अय, आडवू नको बे! येऊ दे पानी!"

आणि सगळा हॉल उठला. "सोड की! येऊ दे!" "धा वर्सांत एवढं पानी न्हाई बघितलं, आन ह्यो आडवायलाय!" एक बाई पदर सावरत मला म्हणाली, "बाई, ह्येला सांगा, लई वाईट करायलाय म्हनावं."

उडणारा वीर पाठीचा कणा मोडेस्तोवर धरण धरून उभा आणि माझे गावकरी त्याला शिव्या घालतायत. टाचण मी बाजूला ठेवलं. चित्र थांबत नाही, त्याला पुढं काहीतरी बोलावंच लागतं. मी म्हणाले, "तो अडवत नाही. पाळी लावतोय. एकदम सोडलं तर सगळं वाहून जाईल. आधी पाटाच्या शेवटच्या रानाला देणार, मग वरच्या."

मग यंत्रामागून मामांचा आवाज आला, "मंग ह्यो पाटकरी हाय म्हना की!"

पाटकरी म्हणजे पाटाचं पाणी शेताशेताला पाळीनं सोडणारा माणूस. सगळे हसले आणि खाली बसले. "पाटकरी हाय तर पाठीला चादर कावून बांधलीय?" असं एका म्हातारीनं विचारलं. त्यावर मामा म्हणाले, "रातपाळी असंल. थंडी वाजती." त्या दिवसापासून तो उडता माणूस आमच्या गावात पाटकरीच झाला.

त्या रिळाचा शेवट मात्र नव्हता. आमच्याकडे येण्याआधीच कुठल्यातरी गावात तुटून हरवलेला. धरण सावरलं जायचं, तो वर बघायचा आणि पडदा एकदम पांढरा. पहिल्या रांगेतली पोरं विचारायची, "बाई, मग?" त्या रांगेत तुमचे बाबाही असायचे, पाच-सहा वर्षांचे, मी शाळेतून सुटेपर्यंत त्यांना सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून. मी म्हणाले, "मग तो खाली उतरतो, पाटावर हात-पाय धुतो आणि घरी जातो. त्याची आई जेवायची थांबलेली असते." एवढं ऐकलं की पोरं उठून चपला शोधायला लागायची. ते रीळ पुढं चार-पाचदा आलं. मी प्रत्येक वेळी त्याला घरी पाठवलं.

आता तुम्ही दिलेल्या त्या आठवड्याकडे येते. तुम्ही शोधताय तोवर आपलीही तयारी हवी म्हणून मी फोनवर बरंच वाचलं. हे सिनेमे करणारे कारखाने कधीच बंद पडले. चित्रांची मालकी संपली म्हणून ती आता कुणालाही फुकट पाहता येतात. तिथे वाचलं की एका सेकंदाला चोवीस चित्रं लागत. कसबी चित्रकार पेन्सिलीनं रेषा काढायचे, आणि दुसऱ्या खोलीत रांगेनं बसलेल्या मुली ती रेषा प्लॅस्टिकसारख्या पारदर्शक तावावर शाईनं गिरवून मागून रंग भरायच्या. सिनेमा झाला की पुष्कळदा ते ताव धुऊन पुन्हा वापरायचे. त्या मुलींची नावं पडद्यावर बहुधा यायची नाहीत. मी त्या ओळीवर बराच वेळ थांबले. आमच्या हॉलमध्ये ज्या लाटेवर शिव्यांचा पाऊस पडला, ती कुणा मुलीनं मान मोडेस्तोवर रंगवली असेल, आणि चौसाळा कुठे आहे हे तिला माहीत असायचं काही कारण नव्हतं. ह्यावर कुणाशी तरी बोलावं असं फार वाटलं. शेजारच्या सूनबाई डाळीची वाटी परत द्यायला आल्या होत्या. त्यांना सांगायला सुरुवात केली तर म्हणाल्या, "बाई, कुकर लावून आलेय."

रविवारी धाकट्याच्या आधी ताईनंच ते शोधून ठेवलं होतं. आपण तिघांनी एकाच वेळी ते लावलं, तुमच्या पडद्यावर मोठं, माझ्याकडे तळहाताएवढं. केवढं स्वच्छ केलंय कुणीतरी! एक ओरखडा नाही. मी त्यातला कोपरान् कोपरा ओळखत होते, पण रंग पहिल्यांदा पाहत होते असं वाटलं. धरण आलं आणि मी सवयीनं बोलायला लागले, "आता हा माणूस यंत्र आणतो..."

"आजी," धाकटा हळूच म्हणाला, "साउंड आहे. आम्हाला कळतंय."

बरोबरच होतं. तुमचीच भाषा. मी हात मांडीवर ठेवले. आयुष्यात प्रथमच ते चित्र मी मुकाट्यानं पाहिलं. पाणी सुटलं तेव्हा तुमच्या घरात कुणीच ओरडलं नाही. ताई फक्त म्हणाली, "वॉटर छान काढलंय," आणि मला ते अनोळखी पाहुण्याशी शेकहँड केल्यासारखं वाटलं. त्या रंग भरणाऱ्या मुलींचं सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. पण पुढचं चित्र आलं होतं.

मग जिथे आमचा पडदा पांढरा व्हायचा ती जागा आली, आणि चित्र पुढे चाललं. शहरात दिवे लागतात, बँड वाजतो, लोक टोप्या उडवतात. तो तिथे नसतो. तो एका उंच धुराड्यावर एकटा उभा असतो. थोडा वेळ खाली बघतो आणि काळ्या आकाशात निघून जातो. चित्र गोल गोल लहान होत मिटतं. संपलं.

तेवढ्यात तुमचे बाबा हातात पुसायचं फडकं घेऊन चौकटीत आले. त्यांना वाटलं असावं, अजून थोडं बाकी आहे. पन्नाशीचा माणूस, म्हणाला, "आता घरी जातो बघा. हात-पाय धुतो, आणि..."

"बाबा, नाही जात," ताई म्हणाली. "इट्स ओव्हर."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आई, घरी जातो ना पण?"

मी सांगून टाकलं. रीळ तुटलेलं होतं, मीच जोडलं. धाकटा हसला. ताई विचार करून म्हणाली, "पण त्यांनी तसं ड्रॉ केलंच नव्हतं."

"नव्हतं," मी म्हणाले.

तुम्ही दोघं बाय करून खेळायला गेलात. इथून पुढचं तुम्हाला माहीत नाही, म्हणून तर हे लिहायला बसले. तुमच्याकडचा फोन तसाच ओट्यावर उभा राहिला होता. बाबांनी तो बंद केला नाही. ते परत भांडी पुसायला लागले. मला त्यांची पाठ दिसत होती, खिडकीत एक रोपटं, ताटं एकावर एक ठेवल्याचा आवाज. माझी वही मिटलेलीच होती. माझ्याकडे ऊन फरशीवर आलं, दूधवाला येऊन गेला, मी उठून दूध तापत ठेवलं आणि परत येऊन बसले. अजून फोन चालूच होता. त्यांनी एकदा वळून मी आहे का ते पाहिलं.

भांडी संपली. हात पुसत ते जवळ आले.

"आई, ठेवू?"

दर वेळी मी 'ठेव बाबा, तुला कामं असतील' म्हणते. या वेळी म्हणाले, "राहू दे थोडा वेळ."

ते स्टूल ओढून बसले.