नव्या गिटारीला हळदकुंकू : आंजी ते केळझर

माझ्या मामीला उभं राहून वाजवायचं होतं. बस, एवढ्यासाठी आम्ही निघालो.

मामा-मामी आंजीला भाजीपाला पिकवतात. मामी भजनी मंडळात पेटी वाजवते. तिची एकच तक्रार : "पेटीले मांडी घालूनच बसा लागते. मले गिटार पाहिजे." मामाने अट घातली, गिटार आधी केळझरच्या गणपतीपाशी वाजली पाहिजे. "मले आवडली तं घरी. नाई तं येता येता दुकानात वापस." दुकानदार ओळखीचा, तोही कबूल झाला.

मी नालवाडीला राहते, म्हणून वाटेतच मामाच्या भाजीच्या गाडीत चढले. वर्ध्यात तर्री-पोहे हाणले (तर्री, म्हणजे वरचा झणझणीत रस्सा, पुन्हा मागायला लाजू नका, देतात) आणि वाद्यांच्या दुकानात शिरलो.

गिटार घ्यायची असेल तर पुढचं नीट वाचा, कारण आम्ही नीट ऐकलं नव्हतं. अकूस्टिक म्हणजे पोकळ पोटाची, स्टीलच्या तारांची. आवाज तिचा स्वतःचाच, पुरेसा मोठा. क्लासिकल दिसायला तिची बहीण, पण तारा नायलॉनच्या, आवाज मऊ आणि शिकणाऱ्याच्या बोटांचे हाल कमी. बेसला बहुधा सहाऐवजी चारच जाड तारा, आवाज खोल, घुमणारा. ("बाकीच्या दोन कोणं काढल्या?" इति मामी.) आणि इलेक्ट्रिक, भरीव लाकडाची, सपाट. मामीने लाल इलेक्ट्रिक पट्ट्याने खांद्याला अडकवली, आरशात पाहिलं आणि विषय संपला. दुकानदाराने वायर जोडून दिली. मामीने पेटीच्या सवयीने एकाच तारेवर आरतीची पहिली ओळ शोधून काढली. आम्ही फक्त नाचायचे बाकी होतो. गिटार आणि वायर घेऊन निघालो.

केळझर नागपूर रस्त्यावर, सेलूच्या पुढे. उन्हाच्या दिवसांत सकाळीच पोचा. दर्शन झालं आणि गाडीपाशी येऊन नव्या ट्रॅक्टरची करतात तशी गिटारीची पूजा केली. हळदकुंकू, झेंडूचा हार, वरच्या खुंट्यांना लिंबू-मिरची. मामाने नारळ फोडला. येणारेजाणारे थांबले. मामीने पदर खोचला, ऐटीत उभी राहिली आणि तार छेडली.

काहीच नाही. नुसती कुजबुज.

"काऊन वं," मामा म्हणाला, "मुकी आणली काय?"

मामीचा चेहरा पडला. मग मला आठवलं. दुकानात आवाज येत होता तो जमिनीवरच्या काळ्या डब्यातून! अ‍ॅम्प्लिफायर. त्याच्याशिवाय इलेक्ट्रिक गिटार जवळजवळ गप्पच असते. डबा दुकानाचा होता, दुकानातच राहिला.

मामी गाडीच्या टपाकडे बघत होती. "अहो, तुमचा भोंगा कशावर बोलते?"

भोंगा! भाजी विकायचा! त्याचाही अ‍ॅम्प्लिफायर सीटमागे होताच. त्यातून माइकची पिन उपटली, गिटारीची खुपसली. बसली! तुम्ही करणार असाल तर आवाज आधी कमी करा. आमचा बाजाराच्या हिशेबाने लावलेला होता.

पहिला सूर निघाला आणि माकडं प्रसाद टाकून पळाली. लोक कानावर हात ठेवून हसत होते. मामीने ओळ पूर्ण केली, एक सूर चुकला, परत घेतला. दुसऱ्यांदा सगळे टाळ्यांचा ताल धरून तिच्यासोबत गायला लागले. मी तर आनंदाने किंचाळत होते. मामा मात्र खाली बघून नारळाचे तुकडे करत बसला.

परतताना वर्धा जवळ आलं तशी मामीने गिटार मांडीवर घट्ट धरली. दुकान दिसलं. मामाने समोर बघत गिअर बदलला आणि दुकान मागे गेलं.

"अहो, दुकान," मामी हळूच म्हणाली.

"दिसलं मले. गोरसपाक बिस्किटं घ्याची हायेत, पुढं थांबू."

घरी आल्यापासून मीही क्लासिकल घ्यायच्या विचारात आहे. परवा मामाला फोन केला, भाजी कशी चाललीये विचारलं.

"भाजीचं सोड वं," तो म्हणाला. "लोकं गाडीपाशी येतेत अन् आधी इचारतेत, गिटारवाली बाई कुठी हाय?"