उजव्या कोपऱ्यातला ट्रिगर

श्यामकांत देशकर रायपूरजवळ सिलतऱ्याच्या एका कारखान्यात बॉयलरचं पाणी तपासायचा. एकतीस वर्षं हेच काम. पाण्यात क्षार राहिले की बॉयलरच्या नळ्यांना आतून थर धरतो, म्हणून क्षाराचा कण न् कण काढायचा आणि निघाला की नाही ते दर दोन तासांनी मोजायचं. संध्याकाळी कंपनीच्या बसने तेलीबांध्याला उतरायचं आणि घरी येऊन पाण्यात मीठ घालायचं. त्याची बायको मीनल येणाऱ्याजाणाऱ्याला हे हटकून सांगायची. "दिवसभर मीठ काढतात अन् घरी येऊन घालतात. पगार एकाच कामाचा भेटते."

घरातली माशांची टाकी सात फूट लांब होती. पाण्यासकट दीड टनाचं ओझं, म्हणून फ्लॅटसुद्धा तळमजल्यावरचा घेतलेला. समुद्र इथून जवळात जवळचा म्हटला तरी एका रात्रीच्या प्रवासावर. तो या दोघांनी गोण्यांतून आणलेल्या मिठाने दिवाणखान्यात तयार केला होता. मे महिन्यात रायपूर तापायला लागलं की माणसांच्या खोलीतला कूलर बंद पडला तरी चालेल, टाकीचं पाणी गार ठेवणारा चिलर बंद पडता कामा नये, असा घरचा नियम. मूलबाळ नव्हतं. लोक काय ते समजून घेत आणि विषय बदलत.

श्यामकांतला शिकारी मासेच हवे होते. सुरुवातीला त्याने लायनफिशच्या सोबतीला एक हौसेचा पिवळा मासा सोडला, वीतभरसुद्धा नव्हता. सकाळी तो नव्हता आणि लायनफिशचं पोट टम्म फुगलेलं होतं. तेव्हापासून त्याने डोक्यात पक्कं केलं, तोंडात मावतो तो शेजारी नसतो, जेवण असतं. मग त्याने कारखान्यात करतात तसा तक्ताच केला. आडव्या ओळीत मासे, उभ्या ओळीत मासे, आणि चौकटीत हिरवं, लाल किंवा प्रश्नचिन्ह. लायनफिश संथ, पंखांची लांब झालर घेऊन तरंगणारा. त्याला पंख कुरतडणारा सोबती नको. ईल सापासारखी लांब, रात्री फिरणारी, दगडांत राहणारी. तिचं कुणाशी वाकडं नाही. ग्रुपर नावाच्या माशाचं तोंड फार मोठं होतं, तो कटला.

"पत्रिका जुळवून राहिले का हो?" मीनल विचारायची. "आपली तर कोणी इतकी पाहिली नव्हती."

ट्रिगरच्या चौकटीत त्याने लाल केलं होतं. निळाकाळा, चपटा, लाल दातांचा मासा. दात असे की शंख फोडतो, दिसेल त्या पंखाचा तुकडा तोडतो. पण निरंजनच्या शोभेच्या माशांच्या दुकानात मीनल काचेजवळ उभी राहिली आणि तो मासा येऊन तिच्याकडे बघत थांबला. एक डोळा इकडे, एक तिकडे. ती जाई तिकडे तोही जाई.

"हाच," ती म्हणाली.

"अगं, लायनफिशचे पंख खाईल तो."

"उपाशी ठेवाल तर खाईलच ना. पोट भरलेला माणूस काहून भांडन?"

श्यामकांतने तक्त्यातलं लाल पुसून प्रश्नचिन्ह केलं. आयुष्यभराच्या तोलूनमापून जगण्यात एवढीच ढील त्याने दिली असेल.

मीनलने ते खरं करून दाखवलं. देशकरांच्या घरात अंडंही येत नसे, पण गॅलरीत एक वेगळा छोटा फ्रीज आला आणि त्यात झिंगे आणि स्क्विड राहू लागले. ती नाकाला पदर न लावता ते कापायची. सकाळी सव्वासहा आणि संध्याकाळी सात. दोन हातांत दोन लांब चिमटे. आधी उजव्या कोपऱ्यात ट्रिगरला, तो तिथे गुंतला की डावीकडे लायनफिशला, आणि शेवटी दगडांच्या फटीत ईलला. चार वर्षं एक पंख फाटला नाही. श्यामकांत पाणी तपासायचा, मिठाचं प्रमाण बघायचा, आणि टाकी आपण चालवतो असं समजायचा.

मीनल एका शुक्रवारी दुपारी भाजी निवडताना खाली पडली. डोक्यातली नस फुटली होती. रविवारी पहाटे गेली.

त्यानंतर काय झालं ते श्यामकांतला नीट सांगता येत नसे. रडू आलं नाही. कुणी चहा दिला की तो प्यायचा, कुणी झोप म्हटलं की आडवा व्हायचा. मोठी बहीण सत्यभामा शहरातल्याच ब्राह्मणपाऱ्यातून राहायला आली आणि तिने घर हातात घेतलं. चौथ्या दिवशी तिने गॅलरीतला फ्रीज उघडला.

"अरे श्याम, सुतकात हे घरात? देवा रे!"

त्याने मान वर केली, आणि खाली केली. सत्यभामाने सगळ्या पिशव्या कचऱ्याच्या गाडीत दिल्या, फ्रीज गोमूत्र शिंपडून पुसला आणि दार उघडं ठेवलं. तिचं काही चुकलं नव्हतं. तेरा दिवस म्हणजे तेरा दिवस.

टाकीसमोरच सतरंजी घातली होती. भेटायला येणारे तिथे बसायचे, श्यामकांतही तिथेच बसायचा. पाचव्या दिवशी त्याला काहीतरी करावंसं वाटलं म्हणून त्याने पाण्याचा नमुना काढला. अमोनिया शून्य. नायट्रेट इतकं कमी चार वर्षांत कधी आलं नव्हतं. पाणी काचेसारखं. एका मामेभावाला त्याने ते सांगितलंही, "पाणी एकदम बरोबर आहे." मामेभावाने गंभीरपणे मान हलवली. पाणी स्वच्छ होतं कारण त्यात कुणी काही खात नव्हतं. ज्या माणसाने एकतीस वर्षं पाण्याच्या आकड्यांवर पगार घेतला, त्याला हे उमगायला अजून चार दिवस लागले.

नवव्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. लायनफिश डाव्या कोपऱ्यात काचेला टेकला होता. त्याच्या एका बाजूच्या झालरीच्या जागी नुसते काटे उरले होते, मधला पडदा गेलेला. शेपटीचा अर्धचंद्रासारखा तुकडा नव्हता. ट्रिगर आला, सावकाश, कुणाला रस्ता विचारायचा असावा तसा, आणि त्याने अजून एक तुकडा तोडला. लायनफिशने नुसतं थोडं अंग वळवलं.

श्यामकांतने दिवस मोजले. शुक्रवारपासून. म्हणजे मीनल पडली त्या दिवशीच्या सकाळनंतर कुणीच काही घातलं नव्हतं.

त्याने निरंजनला फोन लावला.

"काका, ट्रिगर को अलग करो पहले," निरंजन म्हणाला. तोही मराठीच, गोंदियाकडचा, पण बोलायचा हिंदीत. "नहीं तो लायन दो-तीन दिन का मेहमान है."

"घेऊन जा मग."

"अभी मेरा टँक खाली नहीं है, काका. इतवार को आता हूँ. तब तक पेट भरो उसका. और लायन ने खाना छोड़ा होगा तो जबरदस्ती नहीं, सामने हिलाओ."

रविवार सहा दिवसांवर होता.

दहाव्याला महादेव घाटावर विधी झाले. श्यामकांतचं डोकं भादरलेलं, मिशी काढलेली. परतताना त्याने भाच्याला स्कूटर बाजाराकडे घ्यायला लावली आणि अर्धा किलो झिंगे मागितले. मासळीवाल्या बाईने त्याच्या ताज्या बोडक्या डोक्याकडे बघितलं, मग झिंग्यांकडे.

"कोन खाही, बाबू?"

"मासा."

तिने पुढे विचारलं नाही. तोलाच्या वर एक मूठ टाकली.

घरी सत्यभामा दारातच उभी होती. पिशवीतून पाणी ठिबकत होतं.

"श्याम, हे काय घेऊन आला?"

"ताई, ते उपाशी आहेत. मीनल पडली तवापासून."

"तीन दिवस थांब ना रे. तेरवी होऊन जाऊ दे. लोक काय म्हणतीन?"

"तीन दिवसांत तो मरून जाईन." त्याने लायनफिशकडे बोट दाखवलं. आवाज लॅबमध्ये रीडिंग सांगतात तसा, सपाट.

सत्यभामा टाकीजवळ गेली. चार वर्षांत ती कधी इतक्या जवळ गेली नव्हती. तिला माशांचा वास सोसत नसे. तिने त्या फाटक्या पंखांकडे बराच वेळ पाहिलं.

"हे त्या काळ्यानं केलं?"

"हव."

"अन् मीनल असताना?"

"करत नव्हता."

ती आत निघून गेली. श्यामकांतने गॅलरीतच झिंगे सोलले. बोटं चालत होती. दोन हातांत दोन चिमटे घेऊन तो उभा राहिला आणि उजवीकडे तुकडा धरला. ट्रिगरने तो एका झटक्यात ओढला आणि डावीकडे धावला, कारण दुसरा चिमटा तिथे होता. श्यामकांतला दोन्हीकडे एकदम बघता येत नव्हतं. लायनफिशसमोरचा तुकडाही ट्रिगरने नेला. दुसराही. तिसराही. मीनल हे कसं करायची ते त्याने हजार वेळा समोर बसून पाहिलं होतं आणि एकदाही पाहिलं नव्हतं.

"मी त्या चिमट्याले हात लावणार नाही," मागून सत्यभामा म्हणाली. ती पदर खोचून आली होती. "आधीच सांगून ठेवते. काय करू ते सांग."

"तिकडे उजवीकडे उभी राहा. काचेजवळ. माणूस दिसला की येते तो."

सत्यभामा उभी राहिली. ट्रिगर आला. बाहत्तर वर्षांची, जन्मात मासा न शिवलेली बाई आणि लाल दातांचा मासा, दोघं एकमेकांकडे बघत राहिले. ती डावीकडे झुकली की तोही झुके.

"काय पाहून राहिला रे, मेल्या?" ती त्याला म्हणाली. "ती नाही आता. मीच आहे."

श्यामकांतने एक मोठा तुकडा तिच्या बाजूला सोडला आणि दुसरा लायनफिशसमोर हलवला. लायनफिशने तो पाहिला, तोंड उघडलं नाही. तुकडा खाली पडला. त्या दिवशी ट्रिगरने खाल्लं, ईलनेही खाल्लं, पण नेमकं ज्याने खायला पाहिजे त्याने खाल्लं नाही.

अकराव्या दिवशीही नाही. रोज दोनदा सत्यभामा अंघोळीआधी उजव्या कोपऱ्यात उभी राहायची, मग अंघोळ करायची. दोनदा अंघोळ होऊ लागली म्हणून कुरकुरायचीही. बाराव्या दिवशी संध्याकाळी लायनफिशने तोंड उघडलं आणि तुकडा आत गेला. झालं इतकंच.

"खाल्लं का?" सत्यभामाने मान न वळवता विचारलं. तिला जागा सोडायची नव्हती.

"खाल्लं."

"मग रडून घे ना रे एकदा," ती म्हणाली. श्यामकांतने चिमटा धुतला.

तेरवी झाली, सत्यभामा चौदाव्या दिवशी घरी गेली. तिच्या घरी तिच्या नातवंडांच्या शाळा होत्या. दीड दिवस श्यामकांतने उजवीकडे खुर्चीवर मीनलची साडी टाकून पाहिली. ट्रिगर एकदा आला, त्याने पाहिलं आणि परत गेला.

रविवारी निरंजन मोठं जाळं आणि झाकणाची बादली घेऊन आला. जाळं बघताच ट्रिगर दगडाच्या भोकात शिरला आणि पाठीचा काटा ताठ करून आतून अडकून बसला. ओढला तर काटा मोडला असता. दोघांनी शेवटी त्याला दगडासकट उचललं. दगड पाण्याबाहेर येताना त्यातून आवाज आला, दातांवर दात घासल्यासारखा.

"चिल्लाता है," निरंजन म्हणाला. "काका, पक्का ना? चाची का फेवरेट था. लायन को भी ले जा सकता हूँ, जो बोलो. आजकल लायन का ग्राहक भी है."

एक तिची निवड, एक त्याची. दोन्ही ठेवता येतील असं घर आता नव्हतं.

"ट्रिगरच घेऊन जा," श्यामकांत म्हणाला. "पोट भरलेलं ठेवशील त्याचं?"

"हव, काका."

"उजव्या बाजूनं घालत जा."

सोमवारी ड्यूटी सुरू होणार होती. श्यामकांत साडेपाचलाच उठला, झिंगे कापले आणि एकच चिमटा घेतला. टाकीत दगडाच्या जागी रिकामी वाळू होती. लायनफिश दुसऱ्या दगडाआडून आला, पण अर्ध्यावर थांबला आणि उजव्या कोपऱ्याकडे तोंड करून राहिला. तिथून कुणी येत नाही याची त्याची खात्री पटत नव्हती. पहिला तुकडा घ्यायला त्याला चाळीस मिनिटं लागली. दुसऱ्यालाही तेवढीच. सव्वासात झाले. फोन वाजला. कंपनीच्या बसमधला बंडू होता.

"दादा, बस उभी आहे चौकात. येऊन राहिले ना?"

"तुम्ही निघा."

"काहून? तब्येत बरोबर नाही का?"

"बरोबर आहे," श्यामकांत म्हणाला. चिमट्याच्या टोकाशी तिसरा तुकडा हलत होता आणि लायनफिश इंच इंच पुढे सरकत होता. "त्याचं जेवण व्हायचं आहे अजून."