बाल्कनीतला बुलबुल आपला नव्हताच

मंडळी, आज इथे आखातात हमरियाच्या ऑफिसमधून दीड तास ट्रॅफिक खाऊन घरी पोचले, तर माझी लेक इरा प्रोजेक्टची वही घेऊन दारातच उभी. "मम्मा, यू टोल्ड मी राँग!"

आमच्या बाल्कनीत रोज येणाऱ्या बुलबुलाचा फोटो तिने वहीत चिकटवला होता. खाली 'लालबुड्या बुलबुल' असं मीच लिहायला लावलं होतं. चिपळूणला आमच्या परसात असायचा, तोच हा. टीचरने त्यावर काट मारली होती.

पर्ससुद्धा न ठेवता मी फोटो नीट पाहिला. डोकं काळंच, पण गालावर हा मोठा पांढरा ठिपका! शेपटीखाली लाल नाही, चक्क पिवळं. म्हणजे हा भाऊबंदांतला, पण वेगळाच. आणि नऊ वर्षं मी सकाळचा चहा त्याला 'गाववाला' म्हणत पितेय. आईलाही व्हिडिओ कॉलवर कौतुकाने दाखवतेय.

लगेच चिपळूणला आईला व्हिडिओ कॉल लावला. "अगं, हा आपला बुलबुल नाहीच!"

"मला पहिल्या दिवशीच कळलं होतं," आई म्हणाली. "पण तू एवढी खूश होऊन दाखवायचीस. मग कशाला बोलू?"

मग तिने नेहमीसारखं विचारलं, "बाकी बरी आहेस ना?"

"मजेत," मी नेहमीसारखंच म्हटलं.

तेव्हापासून सोफ्यावर बसून आहे. एवढ्याशा स्क्रीनवर जिला बुलबुलाचे गाल दिसले, तिला माझा चेहरा दिसत नसेल का हो?